वीस रुपयांचं तेल

२०२४ च्या आषाढातली गोष्ट. सोयाबीनमध्ये निंदन चालू होतं, दोन दिवसांपासून झड लागली होती आणि संध्याकाळी वरणाला फोडणी द्यायला घरात तेल नव्हतं. मी बाटली घेऊन दुकानात गेले. नेहमीसारखंच म्हटलं, "वीसचं तेल द्या जी भाऊ, खात्यावर मांडा."

भाऊनं पिपातून माप भरलं, बाटलीत ओतलं, वही काढली. मग आवाज खाली करून म्हणाला, "वहिनी, अडतीसशे झाले. सोयाबीन निघेपर्यंत मी थांबतो, पण मलाही ठोकवाल्याले द्यावं लागते."

तो काही चुकीचं बोलला नव्हता. दुकानात आणखी तिघंजणं उभी होती, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी घरी आले, पण फोडणी टाकताना माझं लक्ष त्या बाटलीवरच होतं. लहान्याच्या तापाच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण घरात होतं. पुढच्या वेळी वीसचं तेल आणलं तेव्हा कढईत टाकायच्या आधी मी ते झाकणानं मोजलं. अकरा झाकणं भरली. म्हणजे ११० मिली. मोठी तेव्हा आठवीत होती, तिला म्हटलं, लिटरला किती पडले सांग. तिनं वहीवर मांडलं आणि सांगितलं, "आई, एकशे ब्याऐंशी." त्याच दुकानात त्याच तेलाची एक लिटरची थैली १४५ ला होती.

दहा वर्षं मी असंच तेल आणत होते. कधी वीसचं, कधी तीसचं. आम्ही पाच माणसं, महिन्याला तीन लिटर तेल लागतं. महिन्याचे शंभरावर रुपये फक्त यासाठी जात होते, की थैलीचे १४५ रुपये एका वेळी माझ्या हातात नसायचे. हातात असायचे ते सुटे. कधी दहा, कधी पंधरा, फार तर पन्नासची नोट. सुटा पैसा आला की सुटाच माल घेतला जातो, आणि सुटा माल महाग पडतो. हे त्या दिवशी मला पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

आमची चार एकर कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, कापसात तुरीच्या ओळी. पैसा वर्षातून तीनदा येतो: सोयाबीन निघालं की, कापसाच्या वेच्याला आणि मग तुरीला. मृग लागला की तो सगळा बियाण्या-खतात जातो, आणि तिथून दिवाळीपर्यंतचे चार-पाच महिने रोजीवर काढायचे. रोजी म्हणजे निंदनाची, फवारणीच्या पाण्याची, दुसऱ्याच्या वावरातली. लाडक्या बहिणीचे १,५०० त्याच वर्षी सुरू झाले, पण ते खात्यात येतात आणि बचत गटाच्या कर्जाचा हप्ता नि मोठीच्या शाळेचा खर्च यात संपतात. आणि कोणत्या तारखेला येतील त्याचा नेम नाही. त्यावर तेल-साखरेचा हिशेब बसवता येत नाही.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. आमचं सोयाबीन ओलं म्हणून व्यापाऱ्याकडे ४,०५० नं गेलं. दिवाळीला दुकानाचं खातं फेडलं तेव्हा आकडा ६,२४० होता. यांनी पैसे मोजून दिले आणि घरी येऊन काही न बोलता खाटेवर पडले. मी त्याच आठवड्यात बाजारातून चाळीस रुपयांचा मातीचा गल्ला आणला.

गल्ल्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तो फसला. घरात येणारं प्रत्येक नाणं त्यात टाकायचं असं मी ठरवलं होतं. दोन आठवड्यांत चक्कीवर द्यायला सुटे उरले नाहीत. दळणाला पन्नासची नोट द्यायची, आणि नोट एकदा मोडली की उरलेले पैसे कुठे जातात ते कळत नाही. शिवाय गल्ल्यात किती जमले ते दिसत नव्हतं. हलवून पाहायचं आणि अंदाज करायचा. लहान्यानं एकदा केसातल्या पिनेनं दोन नाणी काढली, ती मला आठ दिवसांनी कळली. डिसेंबरात त्याला ताप आला, डॉक्टरकडे न्यायचं होतं, यांच्याकडे पैसे नव्हते. मी गल्ला फोडला. ६१२ रुपये निघाले, त्यात डॉक्टर, औषध आणि जाण्या-येण्याचं भागलं. फोडल्याचं मला वाईट वाटलं नाही, त्यासाठीच तर पैसा असतो. पण दुसरा मातीचा गल्ला मी आणला नाही.

या वेळी सासूबाईंनी मला एक वस्तू दाखवली. धान्याच्या कोठीमागून त्यांनी एक जुना पितळी डबा काढला, उघडला, तर चाराण्याची नाणी. शेकड्यांनी. त्या कापूस वेचायला जायच्या तेव्हापासून साठवलेली. २०११ च्या ३० जूनला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बंद झाली, बँकेत बदलून घ्यायची मुदत आदल्या दिवसापर्यंतच होती. त्यांना ते कळलंच नाही. कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. "म्या मोजले नव्हते वं कधी," त्या म्हणाल्या, "वाटलं लय झाले असतीन, अडीनडीला कामी येतीन." मी आणि मोठीनं बसून मोजले. ७१६ नाणी, १७९ रुपये. त्या १७९ रुपयांसाठी त्यांनी किती वर्षं चहात साखर कमी घातली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

नोटबंदीतही असंच झालं होतं. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या किती बायकांच्या लुगड्याच्या घडीतल्या, डाळीच्या डब्यातल्या पाचशेच्या नोटा घरच्या पुरुषांसमोर काढाव्या लागल्या. काहींचे पैसे बदलून आले ते परत त्यांच्या हातात पडले नाहीत. सासूबाई तेव्हाचं सांगतात, "नोटा गेल्या, चिल्लर रायली." पण त्यांचा स्वतःचा डबा सांगतो की चिल्लरही राहत नाही. म्हणून मी पहिला नियम तोच केला: दरवर्षी मृगाच्या आधी सगळं मोजायचं आणि सगळं वापरायचं. साठवून ठेवण्यासाठी साठवायचं नाही.

दुसरा नियम नाण्यांचा. एक आणि दोनची नाणी घरखर्चाची, ती देवळीतल्या वाटीत. चक्की, काडीपेटी, लिंबू, कोथिंबीर त्यातून. पाच, दहा आणि वीसची नाणी डब्यात. तीन रिकामे डबे घेतले, प्रत्येक नाण्याला वेगळा. तिखटाचा एक डबा घेतला होता तो मी चांगला धुतला नाही, त्यातली नाणी मोजताना मोठीचे डोळे चुरचुरले. घरखर्चात लागतील इतक्या एक-दोनच्या नाण्यांवरची जी उरायची तीही महिन्याच्या शेवटी एका प्लास्टिकच्या पन्नीत बांधून ठेवू लागलो.

वेळ ठरवली दिवाबत्तीची. देवाजवळ दिवा लावला की ज्याच्या त्याच्या खिशात, पदरात, दप्तरात जी नाणी असतील ती समोर ठेवायची. पाच आणि त्यावरची डब्यात. पहिले आठ-दहा दिवस हे खिसा उलटा करायला कुरकुरले. मी वाद घातला नाही. मोठीनं वहीत रकाने आखले आणि बाबांच्या नावाचा रकाना रोज रिकामा दिसू लागला, तेव्हा त्यांनीच एक दिवस शर्टाच्या खिशातून दहाची तीन नाणी काढून ठेवली.

आता पैसे आले कुठून, हे सांगते, कारण बायका मला हेच विचारतात. आमदनी तर वाढली नव्हती.

सगळ्यात जास्त खर्ऱ्यातून आले. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू नि चुना घोटून केलेला. आमच्याकडे तो माणसाच्या जेवणासारखाच आहे, हे दिवसाला तीन खायचे. मी त्यांना सोडा म्हणून कधी म्हटलं नाही, म्हणून काही होत नाही हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. एवढंच म्हटलं, की जो खर्रा खाणार नाही त्याचे पैसे डब्यात टाका. जानेवारीत तीनाचे दोन झाले. मार्चमध्ये काही दिवस एकावर आले होते, मग लग्नसराईत पुन्हा दोन. अजून दोनच आहेत. खर्ऱ्यानं आवळत चाललेलं तोंड आता पूर्वीपेक्षा जास्त उघडते, हे मला डब्यातल्या पैशापेक्षा मोठं वाटतं.

दुसरं एसटीचं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तालुक्याला गेले की पूर्ण तिकीट किती झालं असतं ते कंडक्टरला विचारायचं, आणि वाचलेले तेवढे घरी येऊन डब्यात टाकायचे. सवलत मिळून दीड-दोन वर्षं झाली होती, पण ते वाचलेले पैसे मला कधी दिसले नव्हते, बाजारात समोशात नाहीतर बांगड्यांत जायचे. डब्यात टाकायला लागल्यावर दिसले. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ झाली, तेव्हा वाचणारं अर्धंही थोडं वाढलं, मोठीनं ते लगेच वहीत बदललं.

पोरांचं कठीण होतं. दोघांना शाळेत जाताना रोज पाच-पाच रुपये लागायचे, त्या फुगलेल्या पुड्यांसाठी. बंद केलं असतं तर लहाना रडून घर डोक्यावर घेतो. आम्ही सोमवार नि गुरुवार ठरवला. बाकीचे दिवस फुटाणे, मुरमुरे, गुळाचा खडा. त्यालाही रोजच्या वाटणीतलं एक नाणं स्वतःच्या हातानं डब्यात टाकायला मिळायचं, आणि त्याला तो टण आवाज आवडायचा. मला वाटतं त्या आवाजानंच काम केलं.

कोंबड्या आहेत सहा. अंडी दहाला एक जातात, घरी खाऊन उरलेली विकायची. कापूस वेचणीचे दिवस होते तेव्हा मी दुसऱ्याच्याही वावरात जात होते, किलोला दहा रुपये, हप्ता बाजाराच्या दिवशी. ती मजुरी नोटांत मिळते, ती मी डब्यात टाकली नाही. मजुरी घरात लागतेच. डब्यात फक्त नाणी, हे मी कडक पाळलं. नोटा घालायला लागलं की मग मोठा पैसा दिसतो आणि मोठ्या पैशाला घरातले सगळे वाटेकरी होतात.

दुकानदार भाऊशीही एकदा बोलावं लागलं. सुटे नाहीत म्हणून तो दोन-तीन रुपयांची चॉकलेटं द्यायचा. मी म्हटलं, "भाऊ, चॉकलेट नको, दोन रुपये वहीत माह्या नावानं जमा मांडा." तो हसला, पण मांडले त्यानं. महिन्याला तीस-पस्तीस रुपये त्या चॉकलेटांत जात होते हे त्याच वहीतून कळलं. आता सगळे फोनवरून पैसे देतात, त्यामुळे दुकानात नाणी येणंच कमी झालं आहे. तोच मला विचारू लागला, "वहिनी, पाचची शंभरेक नाणी निघतील का? नोटा घ्या." पण तेव्हा मी दिली नाहीत. नोट हातात आली असती तर मी ती मोडली असती.

फेब्रुवारीत एक भीती बसली. बाजारात वांगेवालीनं दहाचं नाणं परत केलं. "हे नाही चालत बाई, नकली येऊन रायले." तिचं म्हणणं, ज्यावर दहा पट्ट्या आहेत ते खरं आणि पंधरा पट्ट्यांचं खोटं. घरी येऊन आम्ही डबा ओतला. पंधरा पट्ट्यांची कितीतरी होती, काही बिनपट्ट्यांचीही होती. सासूबाईंनी चाराण्याच्या डब्याकडे पाहिलं. मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गटाच्या बैठकीत हे बोलले. आमच्या गटाला सरकारच्या उमेद अभियानातून बँक सखी, म्हणजे बँकेच्या कामात बायकांना मदत करणारी बाई, जोडलेली आहे, तिला या गोष्टी माहीत असतात. तिनं सांगितलं की ही अफवा जुनी आहे आणि रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं होतं: दहाच्या नाण्याचे तोवर चौदा नमुने निघाले, चौदाही चालू आहेत. लोकांच्या शंकेसाठी १४४४० हा नंबरही दिला होता. मोठीला हे कळल्यापासून तिनं आमच्या डब्यातले नमुने वेगळे काढायला सुरुवात केली. नऊ सापडले. वीसचं नाणं बारा कोनांचं असतं, त्यात पिवळं आत नि पांढरं बाहेर, दहाच्यात त्याच्या उलटं, हे मला तिनंच दाखवलं. मी रोज हाताळत होते, पण पाहिलं नव्हतं. वांगेवालीकडे मी पुढच्या बाजाराला मुद्दाम गेले, तिला समजावलं. तिनं त्या दिवशी नाणं घेतलं, पण मन तिचं साफ झालं नाही हे दिसत होतं. दोष तिचा नाही. दिवसभर उन्हात बसून शंभर-दोनशे कमावणारीला एक नाणं नकली निघणं परवडत नाही.

मे संपता संपता आम्ही मोजलं. दुपारी ओसरीत चादर अंथरून. दहा-दहाच्या चवडी लावल्या, सासूबाई चवडी लावायला, पोरं मोजायला, मी लिहायला. हे दारात बसून पाहत होते. वीसची १७, दहाची २१४, पाचची ३१८, दोनची ९६, एकची १४३. मोठीनं बेरीज सांगितली, चार हजार चारशे पाच. यांना पटेना, त्यांनी स्वतः चवडी पुन्हा मोजल्या. तेवढेच निघाले. पिशवीत घालून उचललं तर पाच किलोच्या आसपास वजन.

त्या पैशाची कामं मी आधीच ठरवली होती. पहिलं काम तेलाचा पिपा. तालुक्याच्या ठोक दुकानात पंधरा किलोचा पिपा २,२५० ला होता. पंधरा किलो म्हणजे साडेसोळा लिटरच्या जवळपास, लिटर १३६ च्या आसपास पडतं. पण ठोक दुकानदार एवढी चिल्लर घेणार नव्हता, आणि त्यानं घ्यावी असा कायदाही नाही. २०११ च्या नाणे कायद्यात रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच द्यायचा हक्क आहे. हेही बँक सखीनंच सांगितलं. त्यामुळे आधी बँकेत भरायचे ठरवलं.

पहिल्यांदा गेले ते बाजाराच्या दिवशी. चूक माझी, पण आमची एसटी त्याच दिवशी सोयीची असते. रांग दारापर्यंत. माझा नंबर आला तेव्हा मी पिशवी वर ठेवली. काउंटरवरच्या माणसानं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, एवढी चिल्लर घेत नाही आम्ही. मोजायला कोण बसणार?" मी विचारलं, मग कुठे घेतात? तो पुढच्या माणसाशी बोलू लागला. पाच किलोची पिशवी घेऊन मी परत एसटीत बसले. रडू आलं नाही, पण पिशवी मांडीवर धरून मी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर पाहत होते.

सखी म्हणाली, "काकू, बँकेला नाही म्हणता येत नाही. नाणी स्वीकारा असं रिझर्व्ह बँकेनं सगळ्या शाखांना सांगितलं आहे. पण शंभर-शंभर नाण्यांची पन्नी करून न्या, त्यांनाही सोपं पडते." आम्ही तसं केलं. दहाच्या दोन पन्न्या, पाचच्या तीन, एकची एक. मंगळवारी दुपारी गेलो, ती माझ्यासोबत आली. काउंटरवर तोच माणूस होता. तिनं शांतपणे सांगितलं, शंभर-शंभर आहेत, खात्यात भरायचे आहेत. त्यानं एक पन्नी सोडून मोजली, बरोबर निघाली, बाकीच्या तशाच घेतल्या. ३,६०० ची पावती मिळाली. पंधरा मिनिटं लागली असतील. मला आजही वाटतं की मी एकटी पन्न्या घेऊन गेले असते तर ते इतकं सोपं झालं नसतं, आणि हे मला खटकतं. ज्या बाईला सखी नाही तिनं काय करावं?

उरलेली ८०५ ची सुटी नाणी गावातल्या भाऊला दिली, त्यानं हसत नोटा दिल्या.

मृगाच्या आदल्या आठवड्यात पिपा घरी आला. ऑटोवाल्यानं चाळीस घेतले. दहा किलो साखर ४४० ची, एक किलो चहा ४०० चा, पोरांच्या वह्या, कंपास आणि लहान्याचं दप्तर मिळून ६२०. डब्यात ६५५ परत टाकले. चहाचं मी आधी मोजून पाहिलं होतं. सगळ्याच गोष्टी ठोक घेतल्या की स्वस्त पडतात असं नाही. शाम्पूच्या रुपया-दोन रुपयांच्या पुड्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, कपड्याच्या पावडरीचंही काही वेळा तसंच. त्या मी पुड्याच घेते. तेल, साखर, डाळ यांत मात्र फरक मोठा असतो, त्यातही उधारीवर घेतलं तर जास्तच.

पिप्याचा एक धोका सासूबाईंना माहीत होता. भरलेला पिपा दिसला की हात सैल होतो. रोज भजी कर, पुऱ्या कर. त्यांनी पाऊण लिटरची एक बाटली आणून दिली आणि म्हणाल्या, "सोमवारी भरायची. संपली त संपली, पुढच्या सोमवारपर्यंत कोरडं खाऊ." पहिल्या दोन आठवड्यांत शनिवारी संपली. दोन दिवस ठेचा-भाकर नि कच्चं वरण खाल्लं. तिसऱ्या आठवड्यापासून पुरायला लागली. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला एक बाटली जास्तीची काढली, ती मी मनापासून काढली, त्यात हिशेब केला नाही. पिपा दिवाळीपर्यंत गेला. वीस-वीसच्या तेलानं गेलो असतो तर याच तेलाला सातशेच्या वर जास्त लागले असते.

पण २०२५ चा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याकडे पाणी थांबायचं नाव घेईना. सोयाबीन उभं असताना शेंगांना कोंब फुटले, कापसाची बोंडं सडली. निंदनाची कामं बंद, म्हणजे रोजी बंद. डब्यातले ६५५ आणि त्यावर साठलेले पंधरा दिवसांत गेले. सप्टेंबरात मला पुन्हा भाऊकडे जाऊन "खात्यावर मांडा" म्हणावं लागलं. साबण, मीठ, गव्हाचं पीठ. दिवाळीला फेडलं तेव्हा ६४० होते. आदल्या वर्षी याच दिवसांत ६,२४० होते. मोठीनं वहीत दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि मला विचारलं, "एक शून्य कमी झालं का?" मी म्हटलं, तसं नाही, पण जवळजवळ तसंच.

पीक गेलं ते गेलंच. डब्यानं त्यातलं काही परत आणलं नाही, आणि आणू शकतही नाही. चार एकराचं नुकसान पाचच्या नाण्यांनी भरून निघत नसतं, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण त्या वाईट महिन्यांत पोरांच्या ताटात फोडणीचं वरण होतं आणि ते कोणाच्या वहीत मांडलेलं नव्हतं.

रिकामा पिपा धुऊन, उन्हात वाळवून आम्ही त्यात तुरीची डाळ भरून ठेवली आहे. गटातल्या दोघींनी यंदा माझ्यासोबत डबे सुरू केले. एकीच्या घरी नवऱ्याला कळू द्यायचं नाही म्हणून तिचा डबा आमच्याकडेच आहे, तिच्या नावाची चिठ्ठी लावून. मोठी तिचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवते, आणि ते पान मलाही दाखवत नाही.

मार्चमध्ये तिखटाच्या मिरच्या ठोक घ्यायच्या आहेत, तिघींत मिळून पंधरा किलो. आजपर्यंत मी तिखटही शंभर-शंभर ग्रॅमनंच आणत आले. काल रात्री मोजलं तर माझ्या डब्यात १,३८५ होते. देठ खुडायला सासूबाईंनी आत्तापासून जागा ठरवून ठेवली आहे, ओसरीतली, जिथे ऊन दुपारपर्यंत असतं.